ओल्या कोटिंगवरचे पाय

आर्वीत दोन जावांच्या घरांपुढं एकच सिमेंटचं अंगण होतं. धाकट्या समीक्षाच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर तिथं उभा राहायचा आणि त्याचं काळं तेल उतारानं थोरल्या नलूच्या दारापर्यंत यायचं. पावसाळ्यात शेवाळ धरायचं ते वेगळंच. शेवटी नलूनं आपला अर्धा भाग घासून धुतला, चार दिवस कडक उन्हात वाळू दिला आणि जंगू पेंटरकडून त्यावर तेल-शेवाळ धरू न देणाऱ्या रंगाचं कोटिंग मारून घेतलं.

"उद्या सकाळपर्यंत कोनाले पाय ठेवू देऊ नका," जंगू सांगून गेला. नलूनं समीक्षाच्या दारात जाऊन तेच सांगितलं. समीक्षानं ऐकून घेतलं.

तासाभरानं ती स्वतःचं फाटक सोडून, शेतातल्या मातीनं भरलेल्या चपलांनी त्या ओल्या कोटिंगवरून सावकाश चालत गेली.

"सांगतलं होतं न तुले?" नलू दारातूनच ओरडली.

"अंगण सासऱ्याचं हाय, ताई. मी कुठूनबी जाईन."

दुसऱ्या दिवशी जंगूनं ठसे पाहिले. "हे खरडा लागते, बाई. यावर दुसरा हात मारला का कायमचे बसतीन."

समीक्षा दारात उभी राहून बघतच होती. नलू तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "खरडू नको. वरून मार. कोनाचे पाय हायेत, ते येणाऱ्याजाणाऱ्याले मी सांगीन."

जंगूनं ब्रश बुडवला. समीक्षानं दार लावून घेतलं, आणि त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.