कापलेलं वाक्य

"अर्पिता, तुझं वाक्य कापलंय," दीनानाथ सर मोबाइलवर समोसे मागवता मागवता म्हणाले. "साडेआठला क्लबहाउसमध्ये डिनर सुरू होतंय. पब्लिक उठून जाईल यार."

वा रे वा! पानिपतावरचं नाटक, आणि पनीर गार होऊ नये म्हणून निरोप्या कापला. दोन महिने इंटर्न म्हणून या माणसाच्या नाटकमंडळीचे अंगरखे धुतले, त्याची शुगर सांभाळून चहा आणला, गुरुग्रामच्या एकेका सोसायटीत त्याचे बोर्ड लावत हिंडले. बदल्यात मिळालेलं एकच वाक्य: 'आई, त्याचा घोडा एकटाच परत आलाय.'

"सर, आज माझी आई येतेय."

"अच्छा? बढिया! पुढची खुर्ची दे तिला. आणि घोड्याचा आवाज आपण स्पीकरवर टाकू. बिल्कुल रिअल वाटतो."

घोड्याला काम मिळालं, मला नाही.

आई नाटक बघायला येतच नव्हती, मला जोखायला येत होती. बाबा सीमेवर, आम्ही दोघी दिल्ली कॅन्टातल्या क्वार्टरमध्ये. नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, हे आईचं ठाम मत. "एकदा बघते," ती म्हणाली होती. "त्यात दम दिसला तर बघू. नाहीतर सोमवारी बी.एड.ला नाव घालायचं, आणि परत रडायचं नाही."

आता ती काय बघणार होती? खुर्च्या उचलणारी मुलगी?

डोकं फिरलेलं असताना इस्त्री हातात घेऊ नये. मी घेतली. नायकाच्या अंगरख्यावर, बरोब्बर छातीवर, तपकिरी डाग उमटला. सरांनी सगळ्यांसमोर तमाशा केला. "तुझ्यासारख्या छप्पन्न मुली लाइनमध्ये उभ्या आहेत!" असतील. त्यांनाही कपडेच धुवायचे असतील.

हेमलताताईंनी स्वतःचा शेला काढला आणि त्या डागावरून आडवा बांधला. या बाई दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, केंद्राच्या मंत्रालयातल्या साहेब. नाटकात शिपायाच्या आईचं काम करायच्या. मला त्यांचा मनापासून राग होता. तालमीत फाइल वाचल्यासारख्या बोलायच्या, आणि कुणी चुकलं की चष्म्यावरून बघायच्या.

"काही खाल्लंयस का?" त्यांनी डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यासमोर धरलं. "घोडा लावलाय म्हणे तुझ्या जागी?"

"हो."

"त्या घोड्यावर मला रडू येणार आहे का? मूर्ख माणूस."

थालीपीठ चांगलं होतं. राग तेवढ्यापुरता उतरला.

प्रयोग सुरू झाला. पुढच्या रांगेत आई मांडीवर पर्स धरून, बसमध्ये बसावं तशी बसली होती. मागे सोसायटीचे लोक मोबाइल बघत होते. निरोपाची वेळ आली. स्पीकरवर घोडा खिंकाळला. मग परत खिंकाळला. पब्लिक हसलं, एक पोरगं तर खिंकाळलंसुद्धा.

हेमलताताई हलल्या नाहीत. घोडा गप्प होईपर्यंत थांबल्या आणि विंगेकडे वळल्या. "दारात कोण उभं आहे? आत ये, बाई."

समोरच्या विंगेतून सर हातानं नको नको म्हणत होते. मी गेले. अंगात इंटर्नचा काळा टी-शर्ट, पाठीवर स्पॉन्सर बिल्डरचं नाव. पण ताई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी खरंच त्यांच्या दारात उभी होते.

"आई," मी म्हटलं, "त्याचा घोडा एकटाच परत आलाय."

मागचे मोबाइल खाली झाले. आणि पुढच्या रांगेत माझी आई उठून उभी राहिली.

"आंटी, बैठ जाइए ना, दिख नहीं रहा," मागून कुणीतरी म्हणालं. आईला ते ऐकूच आलं नाही. आमच्या फौजी क्वार्टरांच्या लाइनीत कुणाच्या दारात असा निरोप आला की सगळ्या बायका बाहेर येऊन उभ्या राहतात. त्या घरची बाई खाली टेकेपर्यंत कुणीच बसत नाही. मी लहानपणी हे बघितलंय, आईचा हात धरून.

इथे ताईंचं लांबलचक भाषण होतं, उभ्यानं म्हणायचं. त्यांनी तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. मग हळूच, सेटवरच्या दाराची चौकट धरत, त्या खाली बसल्या.

तेव्हा आई बसली.

डिनरला सर पनीरच्या रांगेत सगळ्यांना सांगत होते, तो सीन असाच बसवला होता म्हणून. सांगू देत. आईनं बी.एड.चा विषय काढला नाही. माझं कौतुकही केलं नाही. ताटात वरणभात वाढून घेतला आणि सरळ मेकअपच्या खोलीत गेली. ताई अजून लुगड्यातच, आरशाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"दोन घास खाऊन घ्या," आई म्हणाली आणि ताट त्यांच्या हातात देऊन शेजारी बसली.