डावी बाजू

बेटावर येऊन तीन दिवस झाले तरी पाऊस हटायला तयार नव्हता. मिस्त्रींनी पहिला दिवस झोपून काढला. दुसऱ्या दिवशी खिडकीची खडखडणारी कडी एका चमच्याच्या टोकाने घट्ट केली, आणि न्हाणीघरातला गळका नळ कापडाची चिंधी गुंडाळून बंद केला. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते पलंगाच्या काठावर नुसतेच बसून राहिले. चादरी दमट होत्या, टॉवेल काल वाळत घातला होता तसाच ओला होता, आणि भिंतीला बुरशीचा वास येत होता.

सहल लेकीने ठरवलेली. ती हॉटेलच्या खोल्या नोंदवणाऱ्या कचेरीत कामाला होती. पावसाळ्यात या बेटाकडे कुणी फिरकत नाही, त्यामुळे तिला आईवडिलांसाठी चार दिवसांची खोली सहज मिळाली होती. छत्तीस वर्षांत दुकानाला सलग दोन दिवस कुलूप लागलं नाही, आता तरी लावा, म्हणून ती हटूनच बसली. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पुढच्या बाजूला मिस्त्री स्कूटर दुरुस्त करत, आणि मागच्या बाजूला त्यांची बायको पायाच्या मशीनवर रेक्झिनची सीट कव्हरं शिवत असे. अख्खा बाजार त्यांना मिस्त्री आणि काकू म्हणूनच ओळखायचा. लेकीच्या हट्टापुढे दोघांचं काही चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर नको म्हणायलाही अंगात बळ लागतं, तेवढं दोघांकडे उरलं नव्हतं.

"उद्या निघायचं," काकू केस विंचरता विंचरता म्हणाल्या. "लेक विचारेल, काय काय पाहिलं. काय सांगू? छत?"

मिस्त्रींनी बाहेर पाहिलं. पाऊस म्हणजे पांढरा पडदा नुसता. पण पावसाला घाबरतो असं कसं म्हणायचं? ते म्हणाले, "चल, स्कूटर घेऊ. बेट ते केवढं! दुपारपर्यंत एक फेरी होईल."

मिस्त्रींना एक गोष्ट लपवायची सवय लागली होती. त्यांना कडेचं दिसत नव्हतं. सुरुवात डाव्या बाजूने झाली. आधी नुसतं धूसर वाटायचं, मग तिकडचं जग कुणीतरी पुसून टाकावं तसं नाहीसं झालं. आता समोरचं तेवढं दिसे, एखाद्या पाइपातून बघावं तसं. डॉक्टरकडे ते गेले नाहीत. गेलं की डॉक्टर काहीतरी सांगणार, आणि सांगितलं की ते खरं होणार. दुकानात त्यांचं कुठे अडत नव्हतं. गाडी रेस केली की आवाजावरून दुखणं कळायचं, नटाला बोट लावलं की माप कळायचं. गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणायची, मिस्त्री डोळे मिटूनही गाडी खोलतील. मिस्त्री हसायचे.

स्कूटर भाड्याने देणारी बाई चांगली दणकट होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून ती एका टेम्पोच्या चाकाखाली दगड लावत होती. मिस्त्रींनी स्कूटर चालू करून कान लावला आणि मागचे ब्रेक लायनर संपत आलेत म्हणून सांगितलं. बाईने त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं. घाटात सावकाश जा, रस्त्यावर फांद्या पडल्यात, असं बजावून तिने दोन रेनकोट दिले. काकूंचा रेनकोट त्यांच्या घोट्यापर्यंत आला.

काकू नेहमीसारख्या एका बाजूला, डावीकडे पाय सोडून बसल्या. निघाले तसं त्यांचं तोंडही सुरू झालं. "खड्डा आहे हां. जरा उजवीकडे घ्या. पुढे बकऱ्या बसल्यात. वळण आलं, डावं." गेली दोन-तीन वर्षं हे असंच चाललं होतं. दुकानात मिस्त्री थट्टेने सांगायचे, मी गाडीला मागे रेडिओ बसवून घेतलाय, बंद करायचं बटण तेवढं कंपनीने दिलं नाही. लोक हसायचे, काकूही मशीनवरून मान वर न करता हसायच्या.

पहिल्यांदा धबधब्यापाशी थांबले. आवाज कानठळ्या बसवणारा, पण धुक्यात धबधबा काही दिसेना. काकू कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "पडतोय बहुतेक," त्या म्हणाल्या. मग एक किनारा आला. तिथे खुर्च्या उलट्या करून दोरीने बांधून ठेवल्या होत्या, आणि समुद्र राखेच्या रंगाचा झाला होता. कुणाचंच उतरायचं मन झालं नाही. काकूंनी रेनकोटाच्या आतून बिस्किटांचा पुडा काढला, स्कूटरवर बसल्या बसल्याच दोघांनी दोन-दोन बिस्किटं खाल्ली. तीही मऊ पडलेली.

घाट सुरू झाला तसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची झाडं आली. चढावर मिस्त्रींचे दंड भरून आले. चष्म्यावर थेंब, थेंबांमागे वाफ, आणि त्यापलीकडे करड्या रस्त्याची हातभर पट्टी. ते काकूंच्या आवाजाच्या आधाराने गाडी हाकत होते, पण आवाज आता बारीक होत चालला होता. "दगड," काकू म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. बऱ्याच वेळाने पुन्हा "वळण". एकदा त्यांचं डोकं मिस्त्रींच्या पाठीवर टेकलं आणि लगेच दचकून वर झालं.

खिंड पार करून उतार लागला आणि तिथेच ते झालं. काकू एकदम ओरडल्या, "अहो, माणूस!" मिस्त्रींनी हँडल उजवीकडे ओढलं, ब्रेक दाबला, मागचं चाक हातभर घसरलं. डाव्या आरशाला काहीतरी खाडकन लागलं. गाडी थांबली तेव्हा मिस्त्रींचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

मागे रस्त्याच्या कडेला एक वयस्क माणूस उभा होता. त्याची छत्री चार हात लांब जाऊन पडली होती. त्याला लागलं नव्हतं. तो चालत गेला, छत्री उचलली, मोडलेली काडी हाताने चाचपली, आणि तसाच पावसात भिजत त्यांच्याजवळ आला. मळ्यात झाडांचा चीक काढणारा होता तो. पावसात ते काम बंद असतं, म्हणून घरी निघाला होता. त्याचा आवाज चढला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मी दिसलो नाही का?"

"पाऊस केवढा आहे बघताय ना," मिस्त्री म्हणाले. "पावसात काय दिसणार?"

माणसाने आपल्या लालभडक छत्रीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी छत्री सरळ करून देतो म्हणून हात पुढे केला. राहू दे, असं म्हणून तो पाय ओढत मळ्यातल्या पायवाटेने निघून गेला.

मिस्त्रींनी गाडी चालू केली. "बस," ते म्हणाले.

काकू केव्हाच खाली उतरल्या होत्या. त्या रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"अहो, मी आता बसणार नाही."

मिस्त्रींना वाटलं, घाबरली असेल. त्यांनी समजूत घातली. काही झालं नाही ना, त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही, आता उतारच तर आहे. काकू ऐकून घेत होत्या. मिस्त्री चिडले. मग काय रात्रभर इथे बसणार का, असं ते बोलून गेले. मग काकू शांतपणे, दिवसभर शिवण करून मशीन झाकून ठेवताना बोलायच्या त्या आवाजात, म्हणाल्या:

"मी दमले. सारखं खड्डा, दगड, वळण. दुकानात तुमचे पाने रोज संध्याकाळी मापाप्रमाणे ओळीने लावून ठेवायचे, म्हणजे सकाळी तुमचा हात बरोबर पडेल. आणि हे सगळं तुम्हाला कळू द्यायचं नाही. तुम्ही आंधळे नसल्याचं सोंग करायचं, मी बडबडी असल्याचं. तुमचे डोळे व्हायला माझी ना नाही. पण हे चोरून व्हायचं आता जमत नाही मला."

बारा-तेराचा पाना गेली दोन-तीन वर्षं बरोबर हाताखाली यायचा, आणि मिस्त्री मनात म्हणायचे, सवय हो, हाताची सवय. त्यांचे कान गरम झाले. लाज, राग, दोन्ही एकदमच वर आलं, आणि अशा वेळी माणूस जे करू नये तेच करतो. "नको बसूस," असं म्हणून त्यांनी गाडी पुढे काढली.

वीस-पंचवीस हात गेले असतील. मागून आवाज येईना. नुसता रेनकोटाच्या टोपीवर पडणारा पाऊस आणि इंजिनची घरघर. समोर पांढरं. रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे, कडेला कठडा आहे की दरी, काही कळेना. इतकी वर्षं गाडी आपण चालवतो अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ब्रेक लावला, दोन्ही पाय टेकले. डावा पाय डांबरावर नव्हता, भुसभुशीत मातीवर होता, आणि माती पायाखालून हळूहळू सरकत होती. त्यांनी पाय आत घेतला, इंजिन बंद केलं, आणि अंग चोरून तिथेच उभे राहिले. मान वळवून बघायचीही छाती झाली नाही.

काकू आपल्या चालीने चालत आल्या. त्यांनी घाई केली नाही. शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मिस्त्री समोर बघत म्हणाले, "डावीकडचं काहीच दिसत नाही गं मला. उजवीकडचंही जायला लागलंय. दोन वर्षं झाली."

"तीन," काकू म्हणाल्या. "लेकीच्या नव्या घरी काचेच्या दारावर आपटलात तेव्हापासून. काच फारच स्वच्छ पुसलीय म्हणून तिलाच बोलला होतात."

मिस्त्रींना हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं. काकूंनी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि आपल्या रेनकोटाच्या खिशात टाकली.

काकूंना गाडी येत नव्हती, आणि मिस्त्रींनी चालवायची नव्हती. तेव्हा ढकलत न्यायची, एवढाच मार्ग उरला. मिस्त्रींनी उजव्या बाजूने हँडल धरलं, काकू डावीकडून चालू लागल्या. उतार होता म्हणून बरं, पण उतारावर गाडी आवरून धरायलाही जोर लागतो. दर शे-दोनशे पावलांवर थांबायचं, दम खायचा, पुन्हा निघायचं. काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला काढून स्कूटरच्या हुकाला अडकवल्या.

मग मिस्त्रींनी विचारलं, "डावीकडे काय आहे?"

"झाडं."

"तीच? रबराची?"

"हो. झाडाला कमरेपाशी प्लास्टिकचे झगे बांधलेत. पाणी आत जाऊ नये म्हणून असेल. खाली वाट्या पालथ्या घातल्यात." काकू थोडं चालल्या. "रांगच्या रांग. एकाचा झगा फाटलाय."

"टाके कसे आहेत?" मिस्त्रींनी विचारलं.

"शिवलेले नाहीत. डांबर लावून चिकटवलेत."

पुढे त्यांनी पाण्याच्या आवाजाबद्दल विचारलं, मग कुठून तरी धुराचा वास येत होता त्याबद्दल. तेव्हा काकू म्हणाल्या, "जरा वेळ गप्प चालू या का? सांगेन मग." मिस्त्री बरं म्हणाले. गप्प चालले. त्यांना वाईट वाटलं नाही. कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून ठेवावं तसं वाटत होतं, पण पोतं उतरलं तरी पाठ दुखायची थांबत नाही, तसंही होतं.

पायथ्याशी एक वाण्याचं दुकान होतं. तिथून काकूंनी स्कूटरवाल्या बाईला फोन लावला आणि फोन मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींनी घसा साफ केला. गाडीला काही झालं नाही, ते म्हणाले. आरसा तेवढा हललाय. एका माणसाची छत्री मोडली माझ्याकडून. मग पलीकडून बाईने काहीतरी विचारलं असावं, कारण ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, पावसामुळे नाही. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी गाडी घ्यायलाच नको होती."

बाई तासाभराने टेम्पो घेऊन आली. तिने मिस्त्रींना चांगलंच झापलं. मळ्यातल्या माणसांची पोरं याच रस्त्याने शाळेत जातात, एखादं आलं असतं चाकाखाली तर? मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. छत्रीवाला कोण ते बाईला वर्णनावरून लगेच कळलं. त्याला नवी छत्री पोचवायचं तिने कबूल केलं, आणि तिघांनी मिळून स्कूटर टेम्पोत चढवली.

आल्या रस्त्याने परत जाता येणार नव्हतं. ती येत असतानाच घाटात झाड आडवं पडलं होतं, त्याच्या फांद्यांखालून ती जेमतेम निसटली होती. तेव्हा राहिलेलं अर्धं बेट वळसा घालून जावं लागणार होतं. बाई गाडी चालवायला, मिस्त्री मध्ये, काकू खिडकीशी. टेम्पो निघाला. मिस्त्रींनी हळूच विचारलं, "दुकानाचं काय करायचं?"

"घरी गेल्यावर," काकू म्हणाल्या. "आधी डॉक्टर. आज काही नको."

दोन वळणं झाली नाहीत तोच त्यांचं डोकं मिस्त्रींच्या खांद्यावर कलंडलं, आणि या वेळी दचकून वर झालं नाही. त्यांचे ओले अनवाणी पाय मिस्त्रींच्या पायाला लागत होते, बर्फासारखे. मिस्त्री हलले नाहीत.

बऱ्याच वेळाने टेम्पोच्या टपावरचा आवाज विरळ झाला. बाईने वायपर बंद केला. "या बाजूचा समुद्र बघण्यासारखा आहे," ती म्हणाली. "आता उघडलंयही. डावीकडे. थांबवू का? उठवा त्यांना."

खांद्यावरचं डोकं हलू नये म्हणून मिस्त्रींनी डावीकडे मान जेमतेमच वळवली. खिडकीच्या जागी थोडा उजेड होता आणि त्याच्या अलीकडे काकूंच्या भिजलेल्या केसांचा वास.

"नको," ते म्हणाले. "झोपू दे. जरा सावकाश घ्या फक्त."