पुलाच्या चित्रावरून

ते साल २००९. मी एकसष्टीची होते आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. बत्तीस वर्षं मी तिथे नळांचे आणि टाक्यांचे नकाशे काढले. नंतर रिकामे हात शिवशिवायला लागले. लेक परगावी जाताना तिचा जुना कॉम्प्युटर आणि त्यातला एक खेळ माझ्या गळ्यात मारून गेली.

खेळाचं नाव ‘राखमुकुट’. आपण एक पात्र व्हायचं, तलवार चालवायला नाहीतर मंत्र टाकायला शिकायचं आणि राक्षसांशी झुंजत एका राज्यात हिंडायचं. मला राक्षसांत फारसा रस नव्हता. मी त्या राज्याचे नकाशे काढले, ट्रेसिंग पेपरवर, शाईने, विहिरींसकट. लेकीने ते खेळाडूंच्या फोरमवर टाकले आणि मी त्या पाच-सहाशे पोरापोरींची नकाशेकाकू झाले. “काकू, तळघराचं दार कुठून उघडतं?” “काकू, दलदल टाळून कसं जायचं?” घरात मला कोणी विचारत नव्हतं असं नाही. पण इतक्या अदबीने विचारत नव्हतं.

त्या राज्यात नदीवर एक मोडका पूल होता. पलीकडे एक गाव दिसायचं, पण जाता यायचं नाही. नावाडी सांगायचा, “राजा गादीवर बसला की आधी हा पूल बांधणार.” पहिला भाग तिथेच संपला. दोन वर्षं आम्ही त्या पुलासाठी दुसऱ्या भागाची वाट पाहत होतो.

दुसरा भाग बाजारात यायला बारा दिवस असताना एका मासिकाच्या वेबसाइटवर त्याचं परीक्षण आलं. एका तरुण बाईने लिहिलेलं. दहापैकी सहा गुण. ‘खेळ देखणा आहे, पण खेळाडूंना दिलेला शब्द पाळत नाही,’ असं शेवटचं वाक्य. फोरमवर भडका उडाला. आमच्यापैकी एकानेही तो खेळ अजून डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

आमच्यात एक दातांचा डॉक्टर होता, त्याला सगळे दाढकाढ्या म्हणत. त्याने लिहिलं, “सहा गुण तर लोक माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीलाही देतील.”

दुसरा म्हणाला, “बाईंना सापशिडी द्या. पहिल्या सापाला रडत घरी जातील.”

परीक्षणासोबत एक चित्र होतं. मी ते मोठं करून पाहिलं. नायकाच्या मागे तोच पूल होता, तिन्ही कमानी पाण्यात. नकाशा वाचायची सवय मेली नव्हती. मी लिहिलं, “पूल मोडकाच आहे, म्हणजे राजा अजून गादीवर बसलेला नाही. बाईंनी अर्धाही खेळ न खेळता गुण दिले आहेत.”

“काकू बोलल्या, विषय संपला,” दाढकाढ्याने लिहिलं. संध्याकाळपर्यंत माझं वाक्य त्या मासिकाच्या पानावर दोन-अडीचशे लोकांनी चिकटवलं होतं.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. खिडकीशी भिंग लावून बसलेले होते. म्हणाले, “एवढी काय खूश?”

मी सगळं सांगितलं.

“तू खेळलीस तो खेळ?”

“अजून आलाच नाही बाजारात.”

“मग न बघितलेलं घड्याळ मागे पडतंय हे तुला कळलं कसं?”

“तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

तीन दिवसांनी त्या बाईचं मला पत्र आलं, ईमेलने. ‘काकू, मी खेळ शेवटपर्यंत खेळले आहे. पूल शेवटीही तसाच राहतो. पण खेळ बाजारात येईपर्यंत शेवट कुठे सांगायचा नाही, असं कंपनीला लिहून दिलंय. म्हणून मला उत्तर देता येत नाही. संपादक रोज जाब विचारतात, नोकरीवर बेतलंय. हे तुमच्यापाशीच ठेवा. फक्त सगळ्यांना नऊ दिवस थांबायला सांगा, तुमचं ऐकतील.’

मला ती सबब वाटली. पण खरं सांगायचं तर, ती खोटी आहे म्हणून मी पुढचं केलं नाही. परीक्षण लिहिणारी बाई मला गळ घालते आहे, हे सगळ्यांना दिसावं असं मला वाटलं. मी पत्र जसंच्या तसं फोरमवर टाकलं. वर लिहिलं, “बघा, आता बाई माझ्या दारात.”

दोन दिवसांत परीक्षण गायब झालं. त्या जागी मासिकाची सूचना होती: कंपनीशी केलेला गुप्ततेचा करार मोडल्यामुळे परीक्षकांना कामावरून कमी केलं आहे. करार तिने मोडला तो माझ्यावर विश्वास टाकून, आणि तो चव्हाट्यावर आणला मी. फोरमवर “काकूंनी विकेट काढली” म्हणून जल्लोष चालला होता. मीही त्यात एक हसरा चेहरा टाकला.

खेळ आला. मी तो रोज दुपारी खेळले, एकोणीस दिवस. राजा गादीवर बसला, तुताऱ्या वाजल्या, खेळ बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर वर सरकू लागली. मग मी माझ्या पात्राला नदीवर नेलं. तिन्ही कमानी पाण्यातच होत्या.

मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले. “ती खरं बोलत होती,” म्हटलं.

ह्यांनी भिंग काढलं. “मग लिही तसं.”

“काय तोंडाने लिहू?”

“ज्या तोंडाने आधी लिहिलंस त्याच.”

मी लिहिलं, की बाईंचं म्हणणं खरं होतं, मी न खेळता बोलले आणि त्यांचं पत्र उघड करणं हा माझा गुन्हा आहे. दाढकाढ्याचं उत्तर लगेच आलं. “काकू, कशाला मनावर घेता? खेळ बंडलच निघाला. मी तर चारच देईन.” बाकीचे तीन द्यावेत की चार यावर भांडू लागले. तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

संपादकांना लिहिलं. ‘जागा भरली आहे’ एवढंच उत्तर आलं. मग तिला लिहिलं, चार पानं. महिन्याने तिचं पत्र आलं. पहिलीच ओळ होती, ‘हे तरी कुठे टाकू नका.’ म्हणून त्यात पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ह्यांनाही दाखवलं नाही.

फोरम चार वर्षांनी बंद पडलं. दाढकाढ्याने दवाखाना वाढवला, आता त्याची मुलगी तो चालवते. हे जाऊन सहा वर्षं झाली. लेक दर रविवारी फोन करते आणि अजून विचारते, “आई, हल्ली काही खेळत नाहीस?” ती बाई खेळांवर पुन्हा कुठे लिहिताना दिसली नाही. एका शाळेत भूगोल शिकवते असं ऐकलं. शाळा कुठली ते मला ठाऊक आहे. आमच्या घरापासून बसने पाऊण तास. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून गेलेले नाही.