कॅलेंडरवरच्या फुल्या

आदर्शची दारू सुटावी म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी त्याच्या आईला, बायडाबाईंना, एक काम सांगितलं होतं. तो पिऊन आला की त्या तारखेवर फुली मारायची. बायडाबाईंनी तीन महिने इमानाने फुल्या मारल्या. मग कॅलेंडर काखेत मारून त्याला गंगावेशीत, जिथे गवळी गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात, म्हशीचं धारोष्ण दूध पाजायला नेलं.

"ही फुली बिद्रीची पोरगी बघितली तवाची. ही हुपरीच्या पोरीची. सगळ्या फुल्या पोरी बघायच्या दिवशी. मुडद्या, पोरगी बघायची म्हटलं की तुला प्यावी का लागती?"

आदर्शने पेला रिकामा केला. आजवर शुद्धीत सांगायचा धीर झाला नव्हता, आणि पिऊन सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. आज पोटात नुसतं दूध होतं.

"आई, मला पोरी नकोत. मला पुरुष आवडत्यात. पहिल्यापास्नं."

गवळ्याने दुसऱ्या म्हशीची धार काढून संपवली. मग बायडाबाईंनी जयसिंगपूरला फोन लावला.

"पावणं, उद्या पोरगी बघायला येत न्हाई आमी. पोरगं लई पितंय वो."

"आई, आठ दिवस थेंब घेतला न्हाई की मी."

"गप. पोरीची फसवणूक नको. खरं सांगायला मला जरा वेळ लागंल. तवर तू दारुडा ऱ्हा."

एवढं बोलून त्यांनी गवळ्याला हाक मारली आणि दारुड्यासाठी आणखी एक पेला दूध सांगितलं.