बांगसाहेबांचा वाडगा

माझा मुलगा इन्सोप अमेरिकेत संगणकाच्या चिपा बनवतो. चिपा म्हणजे नक्की काय ते मला विचारू नका, मला टोफू कळतो. पण टोफू विकून मी ज्याला शिकवलं त्याच्या हुशारीवर परक्यांनी गबर व्हावं, हे काही मला पटत नाही. सोमवारी त्याचं परतीचं विमान होतं. त्याआधी त्याला इथेच नोकरीला चिकटवायचा मी चंग बांधला होता.

डोंगरापलीकडे चिपांचा मोठा कारखाना आहे. तिथले संचालक बांगसाहेब दर शनिवारी हाताखालच्यांना डोंगर चढवतात आणि खाली उतरले की माझ्या खानावळीत आणतात. इन्सोपचं त्यांच्या कानावर मीच घातलं होतं.

"मावशी, बसवा पोराला आमच्या पंगतीला," ते म्हणाले. "माणूस जेवताना कळतो."

सुरुवात छान झाली. "पगार तिथल्याइतका नाही मिळायचा, पण आईच्या हातचं मिळेल!" साहेब हसले. साहेब हसले की सगळे हसतात.

मग त्यांनी कामाचं काढलं. नव्या भट्टीतला निम्मा माल वाया जात होता. "आमची माणसं आळशी झालीत, दुसरं काय!"

"साहेब, भट्टी आपण फार घाईने तापवतोय," कोपऱ्यातून ह्वान पुटपुटला. तिशी उलटलेला, चष्मेवाला. दर शनिवारी सगळ्यांचे दारूचे वाडगे भरायचं काम त्याच्याकडेच.

"तुला कुणी विचारलं?"

"बरोबर बोलतायत ते," इन्सोप म्हणाला. "आमच्याकडे हीच चूक साहेबाने केली होती. एका नव्या पोरीने दाखवून दिली."

सगळ्यांच्या चॉपस्टिक हवेतच राहिल्या. बांगसाहेबांनी तांदळाच्या दारूची किटली उचलली आणि ह्वानचा वाडगा काठोकाठ भरला. "तोंड फार चालायला लागलंय. पी. एका दमात."

थोरांसमोर प्यायच्या रीतीप्रमाणे ह्वान मान वळवून प्यायला. साहेबांनी पुन्हा भरला. मग तिसऱ्यांदा. ह्वानचे कान लालबुंद झाले.

"पुरे आता, साहेब," इन्सोप म्हणाला.

मी मागून त्याच्या पाठीत कोपर खुपसलं. "साहेबांचा वाडगा रिकामा आहे, दिसत नाही?" आणि कानात म्हणाले, "वाक की जरा, मेल्या! मान नाही मोडत."

इन्सोपने किटली घेतली. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी, थेंबही न सांडता त्याने वाडगा भरला. वळण माझंच.

"वा, मावशी!" साहेब खुलले. "सोमवारी ये रे. तुझी खुर्ची तयार ठेवतो."

"सोमवारी माझं विमान आहे, साहेब."

साहेबांनी वाडगा ओठांनाही न लावता खाली ठेवला आणि ते उठले. ते उठल्यावर घास अर्धा टाकून सगळे उठले.

मी इन्सोपला हाताला धरून मागच्या चुलीपाशी ओढलं. "एका वाडग्यापायी आईला टाकून चाललास?"

"एकच असता तर भरला असता, आई. भरलाच की! पण उद्या ह्वान पुन्हा चूक दाखवेल, आणि त्याला पाजायला साहेब किटली माझ्या हातात देतील. मग?"

"मग काय? पाजायची! आणि तुझ्या बापाच्या श्राद्धाला कोण वाकणार?"

तेवढ्यात मागचं दार सरकलं. ह्वान आत आला, भिंतीला धरून.

"दादा," तो इन्सोपला म्हणाला, "तुमच्याकडे माणूस लागतो का हो?"

अंगणातून साहेबांची हाक आली. "ह्वान! कुठे कडमडलास?" पावलं मागच्या बाजूलाच येत होती.

ह्वान पांढराफटक पडला. दोघांना असं कुजबुजताना साहेबांनी पाहिलं असतं, तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. साहेबांना आत बोलवायला माझा एक शब्द पुरे होता. अमेरिकेने माझं पोर नेलं, आता आणखी एक माझ्याच चुलीपासून न्यायचं?

"आई कुठे असते तुझी?" मी विचारलं.

"गावाला. मासे वाळवते."

"तू जायचं म्हणतोस, ते तिला माहीत आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

मी बाहेर पडले आणि दार अडवून उभी राहिले. "पुढे येऊ नका, साहेब! तुमचा माणूस ओकतोय इथे. तीन वाडगे पाजलेत ना? या मग, वास घ्यायला या."

बांगसाहेब नाकाला रुमाल लावून माघारी फिरले.

आत आले तर दोघं माझ्याकडेच बघत होते.

"बघतोस काय? घे त्याचा नंबर," मी इन्सोपला म्हणाले. मग ह्वानकडे वळले. "आणि तू, आधी आईला सांग. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर विमानात चढायच्या आधी मीच तुझी तंगडी मोडीन."