बारा महिने हिरवं

लालासाहेबानं झाडाची एक काडी खुडली आणि दोन्ही टोकं धरून ओढली. ती मधल्या पेरावर अलगद सुटली.

"वैनी, ह्ये सुरूचं झाड हाय. मानसिंगनं धाडलेलं पाईन न्हवं."

विजयमाला हसली. दोन वर्षं तिनं त्या झाडाला पोटच्या पोरासारखं पाणी घातलं होतं.

"काय तरीच, भावजी! सुईवानी पानं हायत, बारा म्हयनं हिरवं असतंय. बोंडंबी धरल्यात की."

"बारा म्हयनं हिरवा तर आंबाबी असतुया." पलटणीतून सुटून तो कालच पाटणला आला होता आणि आज दोस्ताच्या घरी. "पाईनची सुई सलग. एका बुडातनं दोन-दोन निघत्यात, मोडली की हाताला डिंक लागतो. बोंड मुठीत मावत न्हाई. आन दोन वर्सांत त्ये गुडघ्याएवढंबी व्हत न्हाई. ह्ये तर डोक्यावर गेलंय!"

नवऱ्यानं, मानसिंगनं, लढाईवरून, इटलीहून धाडलेल्या बोंडातलं बी तिनंच परसात पेरलं होतं. पाठोपाठ तो बेपत्ता झाल्याची तार आली. वय एकोणीस, पदरी मूल नाही. त्यांच्यात विधवेचा पाट लागायचा, दुसरं घर करता यायचं. भाऊ न्यायला आला, बिराप्पासारखा भला गडी तयार होता. तेव्हा सासूनं, बनुबाईनं, तिला हाताला धरून परसात नेलं. "बी उगवलंय, विजे. झाड जितं तर धनी जिता." झालं! विजयमाला राहिली. भाऊ तीनदा हात हलवत परत गेला. बिराप्पाचं लेकरू आता रांगतं.

"भावजी, मग ते येणार कवा?"

लालासाहेब तिच्या कुंकवाकडे बघत राहिला.

"वैनी, मीच माती दिली त्याला. तसल्याच एका पाईनखाली. मावशींच्या, तुमच्या सासूच्या नावानं तवाच पत्र धाडलं हुतं."

बनुबाई दारात जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं.

विजयमालाला ते चार दिवस आठवले. डोळे दाखवायचे म्हणून बनुबाई माधवनगरला भावाकडे गेली होती. तो गिरणीत कामाला. गिरणीच्या कुंपणाला सुरूची रांग, बुडाशी बारकी रोपं. ती परतली आणि दुसऱ्याच दिवशी बी उगवलं.

"आत्याबाई, पत्र वाचून घ्यायला गेला हुता व्हय तुमी?"

"तू गेली असतीस तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं?"

"आन माज्या तोंडाकडं कुणी बघितलं?"

लालासाहेब मान खाली घालून निघून गेला. विजयमाला आत गेली. तिनं दोन लुगडी गाठोड्यात बांधली, बांगड्या उंबऱ्यावर आपटून फोडल्या, कपाळ पुसलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आली ती नुसती चीड.

गाठोडं घेऊन ती परसात आली, तर बनुबाई दुखऱ्या गुडघ्यांनी घागर ओढत सुरूपाशी पोचली होती. तिनं सगळं पाणी बुडाशी ओतलं.

"आज कुणी पाणी घातलं न्हाई त्याला," तिच्याकडे न बघता ती म्हणाली. "वाळलं म्हंजे? मानसिंग कसा यायचा?"