पंचवीसपैकी चोवीस

डॉक्टरांच्या सांगण्यावरून लेनर्डचा गाडी चालवायचा परवाना मार्चमध्येच काढून घेतला होता. त्यामुळे पिस्तुलाच्या वार्षिक परीक्षेला त्याला आयरीनच घेऊन निघाली. लेनर्डसारख्या निवृत्त पोलिसाने दरवर्षी नेम सिद्ध केला, की जाकिटाखाली पिस्तूल बाळगायची मुभा आणखी वर्षभर. चुकला, तर ते कपाटात बंद. आयरीन त्या चुकण्यावरच आस लावून बसली होती. गेल्या आठवड्यात नवऱ्याने तिला दोनदा ओळखलं नव्हतं.

परीक्षा घेणारा ड्वेन एकेकाळी लेनर्डच्याच हाताखाली शिकलेला. तिने त्याला आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं.

"त्याला नापास कर, बाबा. माझ्यासाठी."

"बघतो मी, मॅडम. काळजी करू नका."

लेनर्ड नेमबाजीच्या रेषेवर उभा राहिला. सकाळी ज्या हातांना शर्टाची बटणं लावता आली नव्हती, ते हात आता जराही थरथरत नव्हते. पंचवीसपैकी चोवीस गोळ्या कागदी माणसाच्या छातीत गेल्या.

"म्हातारे झालात, पण हात तोच आहे, सार्जंट!" ड्वेनचे डोळे भरून आले.

"गाढवा, तुला शिकवलं कुणी?" लेनर्ड हसला.

आयरीनने ड्वेनला बाजूला ओढलं. "काळजी करू नका म्हणाला होतास ना?"

"फॉर्मवर फक्त गुण विचारतात, मॅडम. आणि यांना मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मान खाली घालून त्याने सही केली. मेल्याला लाज वाटत होती, पण हिंमत होत नव्हती. लेनर्डने भरलेलं पिस्तूल कमरेला खोचलं आणि वरून जाकीट ओढलं.

परतताना टोलेडो शहराच्या पुलावर गर्दीत गाडी थांबली. लेनर्ड बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी अदबीने, नोकरीतल्या जुन्या आवाजात म्हणाला, "बाई, ही गाडी कुणाची? माझी बायको कुठाय?"

"लेनर्ड, मीच रे. आयरीन."

त्याचा हात जाकिटाखाली गेला.

पोलिसाने गाडी अडवली तर काय करायचं, हे त्याने जेवणाच्या टेबलावर आपल्या दोघांच्या मुलींना किती वेळा शिकवलं होतं. आयरीनने दोन्ही हात त्याला दिसतील असे स्टिअरिंगवर ठेवले. समोर बघत ती हळूच म्हणाली,

"सांगते, साहेब."